दर रविवारी बीचवर

११ जानेवारी, रविवार
आजचं फूल: पिवळा गुलाब, पाकळीवर खोटं दव, खाली गुड मॉर्निंग. सु.ने उठल्या उठल्या पाठवलेलं. मी नेहमीसारखे हात जोडून पाठवले. झालं आमचं नवरा-बायकोचं आजचं बोलणं.

दुपारी रामपायलीहून काका-काकू आले, पल्लवीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मुलगा खैरलांजीचा, शाळेत भूगोल शिकवतो. लग्न झाल्यावर दोघं फिरायला जाणार म्हणे, समुद्रावर. कुठला समुद्र, तर विशाखापट्टणमचा. गोंदियाहून सरळ गाडी आहे. मग सगळे माझ्याकडे वळले. काका म्हणाला, "आपल्या स्वातीचं तं घरच आहे तिथं." आईने कप उचलायला घेतले. चहा अजून अर्धा होता त्यात.

पोळ्याला आले होते मी माहेरी, बालाघाटला. दसऱ्याला सु. घ्यायला येणार होता. आता तिळाचे लाडू वळायची वेळ आली.

१६ जानेवारी, शुक्रवार
कॉलनीत हळदीकुंकू. तीन घरी गेले, चौथ्या घरी जायचं टाळलं. कुंकू लावताना प्रत्येक बाई तेच विचारते. "जावई कधी येऊन राह्यले घ्यायला?" मी म्हणते, या महिन्यात. नोव्हेंबरातही हेच म्हणत होते. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे मिळाले. आई म्हणाली, तिकडच्या घरी कामी येतील. ट्रंकेत ठेवले.

शाळेतल्या पोरांचं बरं आहे. नर्सरीतलं कोणी विचारत नाही की मिस, तुम्ही इथे काहून?

१८ जानेवारी, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा, कारण मी आज भरपूर खोटं बोलले आणि मला मजा आली.

पल्लवी आली होती. माझ्या पलंगावर पालथी पडून मोबाईलवर व्हिडिओ बघत होती, 'वायझॅग के रोमॅंटिक स्पॉट'. म्हणाली, "ताई, ये सब तो बताएंगेच. तू सांग ना, तू तं राह्यली आहेस. तुम्ही दोघं कुठं कुठं जायचे?"

दीड वर्ष राहिले मी तिथे. गाजुवाकाकडच्या भाड्याच्या दोन खोल्या, बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसायची. समुद्र एकदा पाहिला, भर दुपारी, ऑटोतून, डोळ्यांवर ओढणी धरून. हे काय सांगायचं नव्या नवरीला.

मग सांगत सुटले. कैलासगिरीला रोपवेने वर जा, येताना पायी उतरा, म्हणजे हात धरायला मिळतो. वर शंकर-पार्वतीची मोठी पांढरी मूर्ती आहे, तिथे फोटो काढा. ऋषीकोंड्याला सकाळी जा, गर्दी नसते. भीमलीचा रस्ता सगळा समुद्राच्या कडेने, तिथे बाईक भाड्याने घ्या. आणि संध्याकाळी आर. के. बीच. भाजलेलं कणीस घ्यायचं, एकच, दोघांत. वाळूत बसायचं आणि सूर्य पाण्यात बुडेपर्यंत उठायचं नाही.

"आम्ही दर रविवारी बसायचो," मी म्हटलं.

प.चे डोळे भरून आले. माझेही आले. मला क्षणभर कणसाचा वास आला, खरंच आला.

२४ जानेवारी, शनिवार
फूल: कमळ. काल झेंडू होता. कुठून आणतो इतकी?

सु. कधी नीट फोन करत नाही. सणावाराला करतो. कशी आहेस. बरी आहे. आई-बाबा? बरे आहेत. मग त्याच्या मागे कुणीतरी तेलुगूत ओरडतं आणि तो म्हणतो, ठेवतो, बंदरावर जहाज लागलंय. घ्यायला येण्याबद्दल एक शब्द नाही. मीही विचारत नाही. मी काय म्हणून विचारू?

३ फेब्रुवारी, मंगळवार
काकूबरोबर बस्त्याला गेले. गोंदियाची दुकानं. प.साठी निळी साडी निवडली, समुद्रावर छान दिसेल म्हणून. दुकानदार म्हणाला, एक तुम्हीही घ्या भाभी. घेतली नाही.

येताना गाडीत उगीच ते भांडण आठवत बसले. इतकं लहान भांडण होतं की कोणाला सांगायची सोय नाही. मारलं नाही, दारू नाही, बाई नाही. रविवार होता. ऋषीकोंड्याला जायचं ठरलं होतं, मी डबा केला होता, केस धुतले होते. फोन आला आणि तो निघाला. सु.च्या बापाने उकव्याच्या खाणीत जन्म काढला, आणि सु. बंदरावर खनिज जहाजात चढवून घेतो. जहाज लागलं की रविवार नाही. हे मला माहीत होतं. पण असे किती रविवार. रात्री आला तेव्हा कानातसुद्धा काळी भुकटी. मी म्हटलं, मला बालाघाटला जायचंय. तो म्हणाला, जा. मी म्हटलं, घ्यायला आलास तरच येईन. तो म्हणाला, दसऱ्याला येतो.

एवढंच. यावर बाबांचं एकच वाक्य: "त्यांच्याकडून माणूस आल्याशिवाय पोरगी पाठवायची नाही." आपल्यात अशीच रीत आहे. आत्याच्या वेळीही तेच झालं होतं, तिचे सासरे दोन माणसं घेऊन आले, पाटावर बसले, जेवले, घेऊन गेले. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटलं होतं, आत्याचं पुन्हा लग्न लागलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
काल लग्न झालं. रामपायलीला, राममंदिराजवळच्या मैदानात मांडव. प. फार गोड दिसत होती. नवरदेव उंच, सावळा, प्रत्येक गोष्ट समजावून सांगतो. सप्तपदीच्या वेळी भटजींना दिशा विचारत होता. आम्ही त्याचं नाव गुरुजी ठेवलंय.

उकव्याला पत्रिका गेली होती. सासरे आले नाहीत. सु. येईल असं मला वाटलं नव्हतं, तरी जेवणाच्या पंगतीत प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे बघत होते. खोटं कशाला लिहू, येईल असंच वाटलं होतं.

पाठवणीला रडले ते प.साठी नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
प. आणि गुरुजी आज निघाले. गोंदियाला जाताना आमच्याकडे थांबले. आईने जावयासाठी पिशवी दिली: चिन्नोर तांदूळ आणि मूगवड्या. सु.ला तिकडचा भात आवडत नाही, म्हणतो, पोट भरते पण जेवल्यासारखं होत नाही. आईने हे लक्षात ठेवलंय. मी पिशवीला हात लावला नाही, पण गाठ सैल होती म्हणून पुन्हा बांधली.

बाबा ओसरीत पेपर वाचत होते. पिशवी त्यांच्या समोरून गेली. त्यांनी पान उलटलं.

प. कानात म्हणाली, "जीजाजीले काही सांगू का?" मी म्हटलं, तांदळाचं सांग.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
फोटोच फोटो. रोपवेत प. किंचाळतेय. शंकर-पार्वतीसमोर गुरुजी ताठ उभे. भीमलीच्या रस्त्यावर भाड्याची बाईक. निळी साडी वाऱ्याने अंगाला गुंडाळली गेलीय आणि गुरुजी ती सोडवतायत. सगळं मी सांगितलं तसंच आहे. मी न पाहिलेली जागा मी बरोबर सांगितली होती, याचा अभिमान वाटला. मग फोन उलटा ठेवला आणि पोळ्या केल्या. एक जास्त झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आज फोटोत सु.

मधोमध उभा, प. एका बाजूला, गुरुजी दुसऱ्या. बारीक झालाय. मी घेतलेला चौकड्यांचा शर्ट घातलाय, खांद्यावर अजून दुकानातली घडी दिसते. म्हणजे आजच काढला. हसतोय, पण कॅमेऱ्याकडे न बघता.

फोटो मोठा करून बघितला. मागे आमची बाल्कनी. माझी तुळस आहे. हिरवी आहे.

फूल आज आलंच नाही. दिवसभर फोन हातात.

२२ फेब्रुवारी, रविवार
मेले मी. प.चा आवाजी मेसेज, मागे लाटा: "ताई, हम लोग कबके बैठे हैं. कणीस खाऊन झालं. सूर्य तं मागं बुडला ना, डोंगराकडं. समोर अंधार झाला नुसता. आमचे गुरुजी म्हणते का हा पूर्वेचा समुद्र आहे, यात सूर्य बुडूच शकत नाही, उगवते. मग तुम्ही दर रविवारी काय पाहात होते?"

हसत होती. पण गुरुजी शेजारीच असणार, आणि भूगोलाचा माणूस गप्प बसणार नाही.

मी रोज चार वर्षांच्या पोरांकडून सूर्य पूर्वेला उगवतो हे घोकून घेते. आणि मला स्वतःला इतकं सुचलं नाही. समुद्र म्हटला की सूर्य बुडतो, एवढंच डोक्यात. कॅलेंडरवर तसंच असतं. आता काय उत्तर देऊ? फोन उशीखाली सरकवला. उद्या प. सु.ला भेटणार आहे जेवायला. सगळं निघेल. तो म्हणेल, कुठला रविवार? कुठलं कणीस? आम्ही तर कधी गेलोच नाही. आणि गुरुजी खैरलांजीभर...

त्याला हे कधी कळलंच नसतं तर बरं. आता त्याला माझी कीव येणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
प. आली. दार लावून बसलो. जसं सांगितलं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सु.ने त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. स्वतः भात केला, आईने पाठवलेल्या तांदळाचा. पोळ्या बाहेरून. जेवताना गुरुजींनी विषय काढलाच. म्हणाले, ताई सांगत होत्या की तुम्ही दर रविवारी बीचवर बसायचे, सूर्य बुडताना बघायला.

प. म्हणाली, सु.ने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "हौ. बसायचो ना. तिले लय आवडे."

गुरुजींनी पूर्व-पश्चिम समजावून सांगायला सुरुवात केली. त्यावर सु. म्हणाला, "तुमचं बरोबर असन. पण आमाले दिसे."

आणि भात वाढायला उठला.

प.ला वाटलं आमची काहीतरी गंमत आहे. ती हसत होती सांगताना. मला हसता येईना. उठून खिडकीशी गेले. दीड वर्षात हा माणूस मला बीचवर घेऊन गेला नाही, आणि परक्या माणसासमोर माझं खोटं त्याने आपलं करून घेतलं. एकदा नाही, दोनदा.

मग प. म्हणाली, अजून एक आहे, पण मोठे बाबा रागावतील. मोठे बाबा म्हणजे आमचे बाबा. सु. दिवाळीत उकव्याला आला होता. तिथून बाबांना फोन केला, उद्या स्वातीला घ्यायला येतो म्हणून. बाबांनी सांगितलं, एकटा येऊ नको, वडिलांना घेऊन ये. आणि तिला आत्ता काही कळवू नको, ठरलं की आम्ही सांगू. सासऱ्यांनी नाही म्हटलं. पोरगी आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल म्हणाले. सु. दोन दिवस उकव्याला बसला आणि परत गेला.

दिवाळीत मी इथे अंगणात रांगोळी काढत होते. उकवा इथून बसने किती लांब आहे?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळेत गेले नाही. बाबांना विचारलं.

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, जावई एकटा आला आणि घेऊन गेला, उद्या काही झालं तर कोणाला विचारायचं? मोठं माणूस मध्ये असलं की त्याच्या जिभेला वजन असतं. म्हणून म्हटलं. आयुष्यभर सिंचन खात्यात काम केलं त्यांनी, वरच्याच्या सहीशिवाय पाणी सोडलं नाही कालव्यात. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना.

"पण मले सांगायचं तं होतं, बाबा."

"सांगतलं असतं तं तू लगेच गेली असती."

"हौ. गेली असती."

त्यांनी चष्मा घातला. माझ्याकडे बघितलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
आज राग सु.वर. बाबांनी सांगितलं कळवू नको आणि याने कळवलं नाही. इतका आज्ञाधारक. मी बाबांची मुलगी आहे, तू माझा नवरा आहेस, तू का ऐकलंस? एक फोन. एक ओळ. आलो होतो म्हणून. तीही नाही. आणि रोज फूल, रोज फूल.

संध्याकाळी कपडे घड्या करताना लक्षात आलं, फुलाला कोणाची परवानगी लागत नव्हती. कळवू नको म्हटलं होतं, फूल पाठवू नको असं कोणी म्हटलं नव्हतं.

तरीही राग आहे. दोन्ही आहे.

३ मार्च, मंगळवार
होळीसाठी आईने पुरण घातलं, बाबा जेवले, चांगलं झालं म्हणाले, भिंतीकडे बघून.

आईने आज माझी ट्रंक उन्हात काढली. का, तर वास येतो. प्लास्टिकचे डबे एकात एक घालून ठेवले.

रीत काय आहे, की त्यांच्याकडून कोणी यावं. सासरे येणार नाहीत. बाबा सोडणार नाहीत. सु. दोघांच्या मधे जहाजं भरत बसणार. असं हे वर्षानुवर्षं चालू शकतं, कोणाचंही काही न बिघडता. आत्याला आणायला माणसं आली, पण नाही आली असती तर? हे मी कधी आत्याला विचारलं नाही.

भीती काय वाटते ती लिहून टाकते. मी आपण होऊन गेले आणि तो दारात उभा राहून म्हणाला, आलीस? बस, एवढंच, आणि कामाला गेला. मग परत यायला तोंड राहणार नाही. इथेही नाही, तिथेही नाही.

५ मार्च, गुरुवार
फूल: जास्वंद. आज हात जोडले नाहीत. लिहिलं: "तुळशीला पाणी कोण घालतं?"

दुपारपर्यंत काही नाही. मग आलं: "मी."

नंतर परत टाइप करतोय, टाइप करतोय, बराच वेळ. काहीच आलं नाही.

गोंदियाहून शनिवारचं तिकीट काढलं. वेटिंग होतं, झालं कन्फर्म. प्रथम आईला सांगितलं. ती म्हणाली, मूगवड्या संपल्या असतील त्याच्या. बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून बागेत गेले आणि सकाळीच पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घातलं.

७ मार्च, शनिवार. गोंदिया, प्लॅटफॉर्म, मग गाडीत
बाबा आले. निघताना चपला घालून दारात उभेच होते, आई म्हणाली तुम्ही कुठे, तर म्हणाले गोंदियापर्यंत. लोकल गाडीत पूर्ण वेळ पिशवी मांडीवर धरून बसले. स्टेशनवर चहा घेतला. गाडी लेट. मग म्हणाले, "घ्यायले कोणी आलं नाही. पण पोचवाले तं मी येऊ शकतो ना."

मी म्हटलं, तिकीट एकच आहे बाबा.

"म्हणून गोंदियापर्यंत."

गाडी आली तेव्हा सामान त्यांनीच चढवलं. खिडकीशी उभे राहिले. सु.ला काही सांगायचं का, मी विचारलं. बराच विचार केला आणि म्हणाले, तांदूळ नवीन आहे, पाणी कमी घालायचं. गाडी हलली. ते चालले थोडं बरोबर. मला वाटलं होतं हात करतील. खिशात हात घालून उभे राहिले.

त्यानंतर सु.ला मेसेज केला: "उद्या सकाळी पोचते. रविवार आहे." एक टिक. अजून एकच आहे. नेटवर्क नसेल, नाहीतर जहाज लागलं असेल. किंवा फोनच बंद ठेवला असेल. माहीत नाही. बंदराच्या यार्डात असला तर फोन कपाटात असतो.

समोरच्या बर्थवर नवं जोडपं, दुर्गचं. तिच्या हातावरची मेंदी अजून लाल. मी तिथेच राहते हे ऐकून ती सरसावून बसली. विचारलं, दीदी, वायझॅग में देखने लायक क्या क्या है? शाम को कहाँ बैठना चाहिए?

मी म्हटलं, मैंने अभी तक कुछ नहीं देखा.

तिला वाटलं मी गंमत करतेय. हसली. मग नवऱ्याला म्हणाली, दीदी बता नहीं रहीं. मी फोन बघितला. एक टिक.